पिल्लू कोंडून ठेवू नका

भाऊ, लसी पूर्ण होईपर्यंत कुत्र्याचं पिल्लू बाहेर काढायचंच नाही, हे अर्धंच खरं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात ते जग ओळखायला शिकतं. ते वय पुन्हा मिळत नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाची भीती आहेच, म्हणून रस्त्यावर सोडू नका, कडेवर घेऊन फिरा. तुमच्या सावद्याकडे केळीचे ट्रक भरतात ना, ते लांबूनच दाखवा. ट्रॅक्टर, म्हशी, बुलेट, काठी टेकत येणारे आजोबा, सगळंच. अंग चोरलं की पुढे ओढायचं नाही, चार पावलं मागे यायचं. स्वतःहून कान टवकारले की उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. उन्हाळ्यात हे सगळं सकाळी लवकर, आपल्याकडचं ऊन मी काय सांगू! गल्लीतली पोरं एकेक करून येऊ द्या, घोळक्याने नको. पोळ्याचे ढोल-ताशे पुढच्या वर्षी बघू.