परीक्षानळीतला आरसा आणि नॅनोट्यूबची जाळी

तुझं पत्र मिळालं. रसायनशास्त्राच्या पदवीचं शेवटचं वर्ष आहे, एका व्याख्यानात प्लॅटिनमच्या नॅनोट्यूबच्या, म्हणजे अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांच्या, जाळीचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं चित्र पाहिलंस आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, असं लिहिलं आहेस. पुढे रसायनशास्त्रातच एमएस्सी करू की नावात ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ असलेला अभ्यासक्रम घेऊ, हा तुझा प्रश्न. आईबाबांना दुसरा पर्याय बरा वाटतोय.

माझं स्पष्ट मत आहे की रसायनशास्त्र सोडू नकोस, आणि त्यातही विद्युत-रसायनाकडे वळ.

टॉलेन्स चाचणी केली असशील ना? परीक्षानळीच्या आतून चांदीचा आरसा धरतो ती. तू पाहिलेल्या जाळीचं मूळ तिथेच आहे. फक्त परीक्षानळीऐवजी पॉलिकार्बोनेटच्या पातळ फिल्ममधलं छिद्र असतं, काहीशे नॅनोमीटर व्यासाचं. ती छिद्रं पाडण्यासाठी फिल्मवर वेगवान जड आयन सोडतात. एक आयन आरपार गेला की एक सरळ माग उरतो. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तो माग आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा लवकर झिजतो आणि त्याचं छिद्र होतं. फिल्म तिरकी धरून वेगवेगळ्या दिशांनी आयन सोडले, तर छिद्रं आतल्या आत एकमेकांना छेदतात. जाळी होते ती यामुळे. जर्मनीत डार्मश्टाटच्या जीएसआय या जड आयनांच्या संशोधन केंद्रात असे आयन मिळतात आणि तिथल्या तांत्रिक विद्यापीठात या जाळ्यांवर बरंच काम झालं आहे.

यानंतरचं सगळं काम बीकरमधलं. आधी कथिलाचे आयन छिद्राच्या भिंतीला चिकटवायचे, मग त्यांच्याकरवी चांदीचे बारीक कण बसवायचे आणि शेवटी फिल्म इलेक्ट्रोलेस प्लेटिंगच्या, म्हणजे बाहेरून वीज न देता नुसत्या अभिक्रियेने धातू चढवणाऱ्या, द्रावणात सोडायची. धातू धातूवरच साचत जातो. इथे घाई झाली की काम बिघडतं. द्रावण जरा जास्त तेज झालं तर छिद्रांची तोंडं आधी बुजतात आणि आतली भिंत कोरडीच राहते. तापमान, पीएच, धातूचे आयन बांधून ठेवणारा रेणू म्हणजे लिगंड यांचा तोल साधला, तरच भिंत शेवटपर्यंत सारखी येते. मग डायक्लोरोमिथेनमध्ये प्लॅस्टिक विरघळवायचं. सुट्या नळ्या असत्या तर विखुरल्या असत्या, पण एकमेकींत गुंतलेली जाळी चिमट्याने उचलता येते. हा तोल ज्याच्या हाताला कळतो तो रसायनशास्त्रज्ञच असतो, पदवीवर नाव काहीही असो.

अशी जाळी सलग धातूची असल्यामुळे वीज अडखळत नाही. प्लॅटिनमची जाळी इलेक्ट्रोड म्हणून लावली, तर एन्झाइमशिवाय हायड्रोजन पेरॉक्साइड मोजता येतं. उत्प्रेरक म्हणून वापरली तर कणांसारखी गोळा होत नाही, द्रवाबरोबर वाहून जात नाही, धुऊन पुन्हा घेता येते.

यंदाच्या प्रकल्पासाठी आयनांना वेग देणारा त्वरक लागणार नाही. आयनांच्या मागांतून केलेली पॉलिकार्बोनेटची गाळणपटलं तयार मिळतात. त्यांवर चांदीच्या नळ्या करून पाहा. जाळी नाही झाली तरी प्लेटिंग शिकशील. मग ४-नायट्रोफिनॉल आणि भरपूर सोडियम बोरोहायड्राइड यांच्या पिवळ्या द्रावणात तो तुकडा सोड. नुसतं बोरोहायड्राइड घातलेलं द्रावण पिवळंच राहतं, धातू आत गेला की रंग उतरत जातो. ४०० नॅनोमीटरवर प्रकाशाचं शोषण मोजत राहा, त्याच्या लॉगॅरिदमचा वेळेशी आलेख सरळ आला तर त्याच्या उतारावरून तुला अभिक्रियेचा वेगस्थिरांक मिळाला. आईबाबांना हा आलेख जरूर दाखव.

एक ताकीद मात्र कळकळीने देते. चांदीचं अमोनियायुक्त द्रावण साठवून ठेवायचं नाही, काम झालं की त्याच दिवशी सरांच्या देखरेखीखाली निकामी करायचं. शिळं झालं की त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. आणि डायक्लोरोमिथेन वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच उघडायचं.

नोकरीचं म्हणशील, तर जाहिरातीत ‘नॅनोट्यूब’ हा शब्द शोधू नकोस. सर्किट बोर्डाच्या छिद्रांत तांबं चढवणं हेही इलेक्ट्रोलेस प्लेटिंगच आहे. सेन्सर, इंधनघट, उत्प्रेरक बनवणारे सगळे विद्युत-रसायन येणारी माणसं घेतात. दुसरा अभ्यासक्रम घ्यायचाच झाला, तर त्यात प्रयोगशाळेचे तास किती आणि सायक्लिक व्होल्टॅमेट्री (इलेक्ट्रोडचा दाब वरखाली करत प्रवाह मोजण्याची पद्धत) स्वतःच्या हाताने करायला मिळते का, हे आधी तिथल्या विद्यार्थ्यांना विचार. आणि प्रकल्पाचा विषय सरांपुढे मांडण्याआधी शोषण मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर आठवड्यातून किती वेळ तुझ्या वाट्याला येईल, ते पाहून ठेव.