तीन एकर, एक बेहडा आणि मुलीचं नाव

प्रश्न : आमची एकुलती एक मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली. 26 वर्षांची होती. तिला पक्ष्यांचं वेड. संगमेश्वर तालुक्यात सासऱ्यांची तीन एकर जागा आहे, तिथे दिसलेल्या पक्ष्यांच्या नोंदींनी तिच्या वह्या भरल्यात. पानापानावर ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, आहे. ठाण्याचा फ्लॅट विकून त्या जागेवर पाच कॉटेज बांधावीत, तिचं नाव द्यावं, दमलेली माणसं चार दिवस शांत राहून जातील, असं मनात येतं. ठेकेदार म्हणतो, जुनी झाडं तोडून जागा मोकळी करून देतो. यजमान हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. तुम्ही दापोलीकडे असंच काही केलंत, म्हणून विचारते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, फ्लॅट विकू नका. बाकीचं नंतर बोलू, हे आधी.

माझे यजमान 2013 साली गेले. 2015 च्या मे महिन्यात डोंबिवलीचं बिऱ्हाड मोडून मी सासरच्या घरी राहायला आले. नवरा जाणं आणि लेक जाणं मी एका तराजूत घालणार नाही. जागेनं मला जे शिकवलं तेवढंच सांगते.

घाई मीही केली. दिवाळीपर्यंत चिऱ्याच्या दोन खोल्या उभ्या केल्या आणि एप्रिलमध्ये विहीर आटली. खोलीत पाहुणे, खाली रस्त्यावर टँकर, आणि मी पाखाडीच्या पायऱ्यांनी कॅन वर आणतेय. कोकणात पाऊस कितीही पडो, जांभ्यातून पाणी झिरपून जातं. तेव्हा खोल्या किती बांधायच्या ते तुमच्या मनातल्या आकड्यावर नाही, मे महिन्यातल्या विहिरीवर ठरवा. माझी विहीर आजही दोनच खोल्यांना पुरते, म्हणून दोनच आहेत.

ठेकेदाराला आधी परत पाठवा. तुमच्या लेकीच्या वहीतला ककणेर घरटं विणत नाही. जुन्या, मोठ्या झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला आतून लिंपून घेते, फट तेवढी ठेवते, आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. अशी ढोली जुन्या बेहड्याला मिळते, सातविणीला मिळते. ठेकेदाराच्या हिशेबात ते पोकळ, निरुपयोगी झाड, तोडीत पहिलं जाणार. नवं लावून तशी ढोली तुमच्या-माझ्या हयातीत होणार नाही. वही घेऊन एकदा जागेवर फिरा, तिनं कुठल्या झाडाखाली उभं राहून काय लिहिलंय ते बघा. त्या झाडांना हात लावायचा नाही, एवढं ठरलं की बांधकामाची जागा आपोआप उरेल. ती थोडीच असेल.

आता नावाचं. यजमानांच्या वर्षश्राद्धाला मी हापूसचं कलम लावलं होतं. आल्यागेल्याला दाखवायची, 'हे त्यांचं.' 3 जून 2020 ला निसर्ग वादळात ते मुळासकट गेलं. घरावर कौल राहिलं नव्हतं आणि मी बाई त्या आडव्या कलमापाशी बसून! शेजारची वहिनी ओढून घरात घेऊन गेली. पडवीत त्यांचा मोठा फोटो होता, तोही मी नंतर काढला. पाहुणे आले की आवाज खाली करायचे, सुट्टीला आलेली मुलं दटावली जायची. फोटो आता स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यांच्या वर आहे. मला दिसतो, पुरे.

तुमच्या लेकीचं नाव पाटीवर लावलंत की ते लोकांच्या तोंडी जाणार. आंघोळीला गरम पाणी मिळालं नाही म्हणून कुणीतरी इंटरनेटवर त्या नावाखाली दोन तारे देऊन जाईल. तुम्हाला ते वाचवेल का? जागेला वाडीचं जुनं नाव असेलच, तेच ठेवा.

कागदांचं थोडक्यात. सातबारा काढा. सासऱ्यांनंतर वारस नोंद झाली आहे का, आणि दीर-नणंदांची नावं सामाईक आहेत का, ते बघा. असली तर त्यांच्याशी आत्ताच बोला, भिंत उभी राहिल्यावर नको. सरकारच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाला निदान एक एकर शेती लागते, ती तुमच्याकडे आहे.

आणि यजमान. त्यांना कॉटेजबद्दल विचारूच नका. माझे दीर भाऊ गेल्यावर वर्षभर बोलले नाहीत. एक दिवस कोयता घेऊन वणव्याआधीचं गवत कापायला आले आणि मग रोज येत राहिले. तुमच्या जागेवरही फेब्रुवारीच्या आत गवत कापून जाळरेषा काढावीच लागेल, नाहीतर बेहड्यासकट सगळं जाईल. त्या कामाला त्यांना घेऊन जा.

यंदा एक मे आणि एक जुलै तिथे काढा, जुन्या घरात, गळतं तिथे घमेलं ठेवून. मे महिन्यात विहिरीत दोरी सोडा आणि किती हात पाणी लागतं ते मला कळवा.