बसण्याआधी मुठीकडे बघा

प्रश्न : आमचा मुलगा ३१ आठवड्यांचा असताना जन्मला, वजन १३५० ग्रॅम. आता नऊ महिन्यांचा आहे, तरी आधाराशिवाय बसत नाही. खुळखुळा डाव्या हातानेच घेतो, उजवी मूठ बहुतेक वेळ मिटलेली. सासूबाई म्हणतात, डावखुरा होईल. रोज मालिश करतो. वॉकर आणावा का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : आधी वय मोजू. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे, म्हणजे बाळ ९ आठवडे आधी आलं. नऊ महिन्यांचे ३९ आठवडे, त्यातून ९ गेले, राहिले ३०. विकासाच्या हिशेबाने तो जेमतेम सात महिन्यांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत काही निरोगी मुलं आधाराशिवाय बसायला नऊ महिन्यांपर्यंत लागली. म्हणून बसण्याची घाई नको. वॉकर तर नकोच. त्याने चालणं लवकर येत नाही, पडण्याचा धोका मात्र वाढतो.

मुठीसाठी मात्र याच आठवड्यात दाखवा. पहिल्या वर्षात डावं-उजवं ठरत नसतं. एकच हात पुढे येतो तेव्हा दुसऱ्याला अडचण असण्याची शंका घ्यावी लागते. त्याला मांडीवर पाठ टेकवून बसवा, बांगडीएवढी रिंग छातीसमोर बरोबर मध्ये धरा. पाच-सहा वेळा द्या. मग डावा हात हलकेच धरून द्या. उजवा पुढे येतो का, अंगठा तळहातात दुमडलेला राहतो का, ते पाहा. व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.

त्यांना हॅमरस्मिथ तपासणीबद्दल विचारा. ही बाळाच्या मेंदू-मज्जासंस्थेची तपासणी. २६ बाबी, ७८ गुण, आणि दोन बाजूंतला फरक वेगळा नोंदवतात. पूर्वी सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या अडचणीचं, निदान दीड-दोन वर्षांपर्यंत लांबायचं. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार ते सहा महिन्यांच्या आतही शक्य आहे. लवकर कळण्याचा उपयोग होतो. स्वीडनमधल्या एका छोट्या अभ्यासात वर्षाच्या आतल्या बाळांचा चांगला हात रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस झाकून दुसऱ्याला खेळवलं. नुसत्या मालिशपेक्षा हात जास्त सुधारले. मालिश चालू ठेवा, पण उपचार म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. हात झाकण्याचा प्रयोगही थेरपिस्टने शिकवल्याशिवाय करू नये.

तपासणीला जाताना डिस्चार्ज कार्ड आणि मेंदूच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट न्या. ही फाईल शाळेच्या वयापर्यंत जपा. पुण्यात केईएम रुग्णालयाने १९८७ ते ८९ मधल्या दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी त्यांच्यातल्या अनेकांना गणित आणि लेखन जड जात होतं.