नवा लॅपटॉप: खोड कोणती आणि बिघाड कोणता?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे नव्या लॅपटॉपविषयीची आहेत, आणि प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मनात शंका एकच आहे: आपल्या वाट्याला सदोष यंत्र तर आले नाही ना? त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: रात्री झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत ठेवला, तेव्हा बॅटरी ८० टक्के होती. सकाळी बाहेर काढला तर तो चांगलाच तापला होता आणि बॅटरी २२ टक्क्यांवर आली होती. जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत असे कधीही झाले नव्हते. बॅटरी खराब निघाली असावी का?

उत्तर: बहुधा नाही. जुन्या लॅपटॉपचे झाकण मिटले की प्रोसेसर पूर्ण थांबत असे आणि केवळ मेमरी जिवंत राहील इतकीच वीज खर्च होत असे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये ‘स्लीप’ची पद्धत मोबाइलसारखी आहे, म्हणजे पडदा काळा झाला तरी यंत्र अर्धवट जागे असते, नेटवर्कशी जोडलेले राहते, मेल आणते आणि एखादे अपडेट आले तर तेही उतरवून घेऊ लागते. टेबलावर हे खपून जाते. बंद बॅगेत मात्र हवा खेळत नाही, पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आतच ओढली जाते आणि सकाळी आपल्या हाती तापलेले यंत्र येते. उतरलेली बॅटरी तासाभरात पुन्हा भरता येते, पण उष्णतेने तिचे आयुष्य कमी होते ते भरून येत नाही, म्हणून ही सवय लगेच बदलावी असे मी आग्रहाने सांगेन.

उपाय ‘हायबरनेट’चा आहे. यात उघडे असलेले सारे काम डिस्कवर लिहून ठेवले जाते आणि मग यंत्र खरोखरच बंद होते. पुन्हा सुरू होताना काही सेकंद जास्त लागतात, परंतु काम जिथे सोडले होते तिथेच सापडते. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये झाकण मिटल्यावर काय व्हावे हे ठरवता येते आणि बॅटरीवर असताना व चार्जर लावलेला असताना अशा दोन्ही स्थितींसाठी वेगवेगळी निवड करता येते. बॅटरीवर असताना हायबरनेट आणि चार्जरवर असताना स्लीप, ही विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते. हा बदल केल्यानंतरही बॅगेत भरण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबून पंखा शांत झाल्याची खात्री करावी. हायबरनेटमध्ये ठेवूनही एका रात्रीत बॅटरी बरीच उतरत असेल, तर ती खोड नव्हे. वॉरंटीची मुदत असेपर्यंत यंत्र सेवा केंद्रात दाखवावे.

प्रश्न: घरातील वडीलधारे सांगतात की नवी बॅटरी पहिल्यांदा आठ तास चार्ज करावी आणि पुढेही ती पूर्ण उतरल्याशिवाय चार्जर लावू नये. माझे काम मात्र दिवसभर टेबलावरच चालते आणि चार्जर सतत लावलेला असतो. यात बॅटरीचे नुकसान होते का?

उत्तर: हा सल्ला चुकीच्या बॅटरीला दिला जात आहे. तो निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे आणि त्या काळी तो योग्यच होता. लिथियम-आयन बॅटरी १९९१मध्ये बाजारात आली; आजच्या लॅपटॉपमध्ये याच कुळातील बॅटरी असते आणि तिचा स्वभाव निराळा आहे. तिला वारंवार पूर्ण रिकामी करणे उलट त्रासाचे ठरते, आणि काठोकाठ भरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने उष्णतेत राहिली तर तीही लवकर थकते.

चार्जर सतत लावलेला असणे हा स्वतंत्रपणे दोष नाही, कारण बॅटरी भरल्यावर यंत्र तिच्यात वीज ढकलत राहत नाही, थेट चार्जरवर चालते. प्रश्न उरतो तो कायम १०० टक्क्यांवर राहण्याचा. त्यासाठी अनेक कंपन्या आपल्या सेटिंगच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय देतात. आपल्यासारख्या टेबलावर काम करणाऱ्यांनी ती अवश्य सुरू करावी आणि प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढ्यापुरती काढावी. ही मर्यादा घातल्यावर चार्जर जोडलेला असूनही ‘चार्जिंग होत नाही’ असा संदेश दिसू शकतो. त्याने घाबरून जाऊ नये. घाबरण्याची खूण वेगळी आहे: टचपॅड वर उचलला जाणे, झाकण नीट न मिटणे किंवा तळ फुगल्यासारखा वाटणे. असे दिसल्यास बॅटरी फुगलेली असू शकते. यंत्र बंद करावे, चार्जर काढावा, फुगवटा दाबून पाहू नये आणि ते सेवा केंद्राकडे सोपवावे.

प्रश्न: खोक्यावर ५१२ जीबी लिहिले होते, विंडोज ४७६ दाखवते. फसवणूक झाली का?

उत्तर: नाही, मोजमापे दोन आहेत. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. या मोठ्या मापाने मोजले की ५१२चे सुमारे ४७६.८ होतात. वस्तू तेवढीच आहे.

प्रश्न: मी रोज रात्री न चुकता ‘शट डाउन’ करते, तरीही टास्क मॅनेजरमध्ये संगणक ११ दिवस सलग चालू असल्याचे दिसते. हे कसे?

उत्तर: २०१२मध्ये आलेल्या विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असताना शट डाउन केले की आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. ११ दिवसांचा आकडा त्या गाभ्याचा आहे. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. म्हणून वाय-फाय अडखळू लागले, आवाज येईनासा झाला किंवा प्रिंटर सापडेनासा झाला, तर शट डाउन करून पुन्हा सुरू करण्याऐवजी रीस्टार्ट करावे.

प्रश्न: चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोटे फिरवली की हाताला बारीक झिणझिण्या येतात. अनवाणी असताना त्या जास्त जाणवतात. हे धोक्याचे आहे का?

उत्तर: आधी चार्जर काढून पाहावा. झिणझिण्या लगेच थांबल्या, तर कारण बहुधा दोन पिनांच्या चार्जरमध्ये आहे. चार्जरच्या आत विजेतील गडबड गाळण्यासाठी लहान कपॅसिटर बसवलेले असतात आणि त्यांतून अत्यंत सूक्ष्म प्रवाह धातूच्या कवचापर्यंत पोहोचतो. अर्थिंगची वाट नसल्यामुळे तो आपल्या शरीरातून जमिनीकडे जातो, म्हणूनच अनवाणी पायांना तो अधिक कळतो. चांगल्या चार्जरमध्ये हा प्रवाह सुरक्षित मर्यादेत ठेवलेला असतो. कंपनीने त्याच चार्जरसाठी तीन पिनांची वायर दिलेली असेल तर ती वापरावी. तीन पिनांची वायर वापरूनही झिणझिण्या येत राहिल्या, तर भिंतीतील सॉकेटला अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण तिसरे भोक असले म्हणजे त्यामागे तार असतेच असे नाही. स्पष्ट झटका बसत असेल, चार्जर कंपनीचा नसेल किंवा त्याची वायर कुठे सोललेली असेल, तर मात्र तो चार्जर त्याच क्षणी वापरातून काढावा.