वानर की माकड?

प्रश्न असा आहे: 'वर्तमानपत्रात काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या प्राण्याच्या फोटोखाली "माकड" असं छापलं होतं. आजी म्हणते, ते वानर. दोन्हींचा अर्थ एकच ना?'

आजीचं बरोबर आहे. कोशात हे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले असले, तरी रानाजवळची माणसं त्यांची गल्लत करत नाहीत.

वानर अंगाने राखाडी. तोंड, कान, हातापायांचे पंजे काजळात बुडवल्यासारखे काळे. लंका जाळताना मारुतीचे तोंड नि हात भाजले, तेव्हापासून वानर असे, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. ती गोष्ट याच प्राण्याची, माकडाची नव्हे. शेपूट धडाहून लांब. आमच्या गावी चिंचेवर टोळी उतरली की पानांतून आधी शेपट्याच दिसायच्या, विहिरीत सोडलेल्या दोरांसारख्या. मुख्य खाणं पाला, आणि तो आंबवून पचवायला पोट कप्प्याकप्प्यांचं. म्हणून मेळघाट-ताडोब्याच्या पानझडी जंगलातही त्याचा निभाव लागतो. नवजात पिल्लाचं मात्र उलटं: अंग काळपट आणि तोंड फिकट गुलाबी. तसलं पिल्लू छातीला बिलगलेलं दिसलं की आम्ही पोरं ओरडायचो, 'वानरिणीनं माकडाचं पोर पळवलं!'

माकड तपकिरी, चणीने लहान, तोंड गुलाबट. माथेरानला हातातली पिशवी ओढतं ते हेच. त्याच्या टाळूवरचे केस भांग पाडल्यासारखे चहूकडे पसरतात, टोपी घातल्यागत. शास्त्रीय नाव 'मकाका रेडिएटा', त्यातही किरणांसारखं पसरणं आहेच. ही जात जगात फक्त भारताच्या दक्षिण द्वीपकल्पात आढळते; उत्तर भारतातलं आखूड शेपटीचं माकड वेगळं. कोकणात लाल तोंडाच्या माकडाला केल्डं म्हणतात आणि वानराला वानरच.

लांबून रंग कळला नाही तर गाल पाहा. शेंगदाणे मिळाले की माकड आधी दोन्ही गाल फुगेपर्यंत भरतं आणि फांदीवर जाऊन सावकाश चावतं. वानराच्या गालांत तशा थैल्याच नसतात.

'लंगूर' हिंदीतून आला, मूळ संस्कृत 'लांगूल', म्हणजे शेपूट. चुकीचा नाही, पण मराठीत वानर असताना मला तो लागत नाही. 'वा नर', म्हणजे 'हा नर की काय', ही वानराची फोड गमतीची आहे; मला 'वन'शी असलेलं नातं जास्त पटतं. जोडशब्दांतही आपण भेद पाळतो: माकडचेष्टा, माकडटोपी, माकडहाड, पण वानरसेना.

तर फोटोखाली 'वानर' हवं होतं. आणि टोळीचा तो दांडगा, हुप्प करून झाड हलवणारा नर असेल, तर नुसतं वानरही नको. त्याला आपल्याकडे हुप्प्या म्हणतात.