बी.एस्सी. भूशास्त्र: घ्यावं, की दुसरं काही बघावं?

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे भूशास्त्राबद्दलची पत्रं येऊ लागतात. घरात हा विषय शिकलेलं कोणी नसतं, शेजारीही नसतं, त्यामुळे पत्रांत धास्ती जास्त असते. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. नावं गाळली आहेत.

मुलीला बारावी विज्ञानला ७२ टक्के आहेत. तिला भूशास्त्रच घ्यायचंय. नातेवाईक म्हणतात, 'पुढे काय, दगड फोडणार?' नोकरीचं खरं काय ते सांगा. (एक पालक, संगमनेर)

खरं सांगायचं तर नुसत्या बी.एस्सी.वर या विषयात धड नोकरी मिळत नाही. बोअरिंगच्या साइटवर खडकाचे कोअर (छिद्रातून काढलेले दांड्यासारखे गोल तुकडे) पेटीत लावणं, त्यांची मोजमापं लिहिणं अशी कामं मिळतात, पण पगार बेताचाच. म्हणून हिशोब तीन वर्षांचा नाही, पाच वर्षांचा धरा. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं एम.एस्सी., किंवा नव्या धोरणाप्रमाणे चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि एक वर्षाचं एम.एस्सी. बेरीज तीच.

त्यानंतर मात्र दारं उघडतात. सर्वांत मोठं दार यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेचं. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण (१८५१ साली सुरू झालेली संस्था) आणि केंद्रीय भूजल मंडळ यांना माणसं मिळतात. पदव्युत्तर पदवी लागते, वयाची अट २१ ते ३२ आहे. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत अशी तीन टप्प्यांची रचना आहे. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे. तिथल्या पदांसाठी एमपीएससीकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि जाहिरात दरवर्षी निघेल याची खात्री धरू नये. खाणकामाकडे ओढा असेल तर नागपूर शहर डोळ्यांसमोर ठेवा. भारतीय खाण ब्यूरो, एमईसीएल (खनिजं शोधणारी सरकारी कंपनी), मॉइल (मँगनीज काढणारी), वेस्टर्न कोलफिल्ड्स (कोळसा काढणारी) या सगळ्यांची मुख्यालयं तिथेच आहेत.

लोकांच्या सहसा लक्षात येत नाही ते काम बांधकामातलं. धरण, बोगदा, मेट्रो यातलं काहीही करायचं तर आधी जमिनीत छिद्रं पाडून कोअर काढतात आणि खडक किती अखंड आहे ते बघतात. कोअरमधले दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे एकत्र मोजायचे आणि खोदलेल्या एकूण लांबीशी त्यांची टक्केवारी काढायची, याला आरक्यूडी म्हणतात. मुंबईच्या पोटात नुसता काळा पाषाण, म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट, नाही. ज्वालामुखीची राख घट्ट होऊन झालेला टफ आहे, टोकदार तुकडे जुळून झालेला ब्रेशिया आहे, मधूनच चिखल घट्ट होऊन झालेल्या शेलचे थर आहेत. बोगदा खोदणाऱ्याला पुढे यातलं काय येणार ते सांगणारा माणूस लागतो, आणि तो भूशास्त्र शिकलेला असतो.

नातेवाइकांना सांगा, दगड फोडावे लागतात. रोज नाही.

बारावीला गणित घेतलं नव्हतं, बायोलॉजी होतं. चालेल का? (विद्यार्थी, बार्शी)

बऱ्याच विद्यापीठांत बी.एस्सी.ला विज्ञान शाखा एवढीच अट असते. तरी कॉलेजचं माहितीपत्रक वाचून खात्री कर. आयआयटी खरगपूर, रुरकी किंवा धनबादच्या आयआयटीत बारावीनंतरच भूशास्त्राला जायचं तर जेईई ॲडव्हान्स्ड द्यावी लागते, म्हणजे गणित आलंच. भूभौतिकी, म्हणजे भौतिकशास्त्राच्या मोजमापांनी जमिनीचं पोट तपासणारं जिओफिजिक्स, डोक्यात असेल तर गणिताशिवाय त्या वाटेला जाऊ नकोस.

साध्या भूशास्त्रात लागणारं गणित दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडे फारसं जात नाही, पण ते रोज लागतं. उदाहरण देतो. सपाट माळावर चुनखडीचा एक थर १०० मीटर रुंद पट्ट्यात उघडा पडलाय. ही रुंदी थराच्या स्ट्राइकला (कललेल्या थरावरच्या आडव्या रेषेच्या दिशेला) काटकोनात मोजली आहे, आणि थर ३० अंशांनी कललाय. थराची खरी जाडी किती? १०० गुणिले साइन ३०, म्हणजे ५० मीटर. सिमेंट कंपनीला किती चुनखडी मिळेल याचा पहिला अंदाज इथून सुरू होतो. हे वाचून पोटात गोळा आला नसेल तर बायोलॉजीवाल्यांना हा विषय उलट सोयीचा आहे. जीवाश्मांचा पेपर त्यांना हातचा वाटतो.

महाराष्ट्रात सगळीकडे बेसॉल्टच. इथे शिकून बाकीचे खडक कळणार कसे? राजस्थानात किंवा बंगालमध्ये जावं का? (विद्यार्थिनी, सातारा)

तुझी शंका निम्मी बरोबर आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या लाव्हाखाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे हे थर आज पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उरलेत. पण 'बेसॉल्टच' या शब्दातला 'च' काढ. सातारा सोडून महाबळेश्वरचा घाट चढताना रस्त्याच्या कापातल्या कडेकडे बघत जा. एक थर भरीव, उभ्या भेगांचा, दुसरा पोकळ्यांनी भरलेला, ज्याला गावाकडे मांजऱ्या म्हणतात. दोघांच्या मध्ये कुठेकुठे विटेच्या रंगाचा मातीसारखा लाल पट्टा. एक लाव्हा येऊन थंड झाला, त्याचा पृष्ठभाग हवापाण्याने कुजला, मग वरून दुसरा लाव्हा आला आणि खालची माती भाजली गेली. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला होता, याचा हा पुरावा. सगळ्यात वर पाचगणीच्या पठारावर जांभा. एवढ्या एका घाटात पहिल्या वर्षाचा अर्धा अभ्यासक्रम उघडा पडलेला आहे.

आणखी हवं असेल तर धुळे-नंदुरबारकडे जा. तिथे डाइक (उभ्या भेगांत शिरलेला लाव्हा थिजून झालेले खडक) भिंतींसारखे मैलोन्‌मैल उभे आहेत. लोणारला उल्काघाताने झालेलं १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे. बेसॉल्टमध्ये झालेलं आणि इतकं नीट राखलेलं विवर बघायला परदेशातले लोक येतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हन्साइट हे निळंशार खनिज जगातल्या संग्रहालयांत मांडलेलं असतं, आणि वाघोलीत राहणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो.

शंकेचा उरलेला निम्मा भाग मात्र गंभीर आहे. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्या भागातल्या भूकंपांचं मूळ शोधायला पुढे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. त्यात सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसॉल्ट संपला आणि ग्रॅनाइट-नाइस लागला. म्हणजे इथल्या भूकंपाचा विचार करायचा तर खालचा जुना खडक कळायला हवा, आणि तो सह्याद्रीत कुठे दिसत नाही. तो बघायला सिंधुदुर्गात उतरावं लागतं, नाहीतर विदर्भात जावं लागतं. रामटेकच्या आसपास रूपांतरित (उष्णतेने आणि दाबाने बदललेले) खडक आणि मँगनीज, चंद्रपूरला गोंडवनाचा कोळसा, सिरोंचाला डायनोसॉरच्या काळातले जीवाश्म. राज्याबाहेर कच्छचे ज्युरासिक थर, उदयपूरजवळच्या झामरकोटड्याचे स्ट्रोमॅटोलाइट (सूक्ष्मजीवांनी घडवलेले थरांचे खडक), तमिळनाडूत अरियलूरचे जीवाश्म. यातल्या एखाद्या ठिकाणी कॉलेज नेत असेल तर बंगालला जायची गरज नाही. नेत नसेल तर पुण्या-मुंबईतल्या नामांकित कॉलेजातही तू पुस्तकी भूशास्त्रज्ञ होशील.

म्हणून प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन सीनियर मुलांना तीन गोष्टी विचार. गेल्या दोन वर्षांत सहल कुठे गेली होती आणि किती दिवस? चालू स्थितीतले मायक्रोस्कोप किती आहेत आणि एकावर किती जण बसतात? कायम शिक्षक किती? फर्ग्युसन, मुंबईचं झेवियर्स, मडगावचं चौगुले अशी जुनी नावं तुला कोणीही सांगेल. मी नावापेक्षा या तीन उत्तरांवर जास्त विसंबेन.

आमच्या गावात पाणाड्या नारळ हातावर ठेवून बोअरची जागा दाखवतो आणि पाणी लागतंही. मग भूजल शिकून मी वेगळं काय करणार? वडील हेच विचारतात. (विद्यार्थी, शिरूर तालुका)

वडिलांना एक उलट प्रश्न विचार. पाणाड्याने दाखवलेली किती बोअर कोरडी गेली, हे गावात कोणी लिहून ठेवलंय का? लागलेलं पाणी सगळ्यांच्या तोंडी असतं, कोरडं बोअर मात्र शेतकरी कर्जाबरोबर गुपचूप गिळतो.

आता त्याला यश का येतं ते बघ. बेसॉल्टमध्ये पाणी वाळूसारखं दाण्यादाण्यांत साठत नाही. ते कुजलेल्या मुरमात, मांजऱ्याच्या जोडल्या गेलेल्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत असतं. खडकाच्या एकूण आकारमानाच्या दोन-तीन टक्के पाणी उपसून मिळालं तरी पुष्कळ. पण वरचा कुजलेला थर बहुतेक शिवारांत कमी-अधिक असतोच. चांगल्या पावसानंतर तिथे भोक पाडलं तर थोडंफार पाणी लागतंच, मग नारळ उभा राहो की न राहो. खरी परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये होते, आणि तोवर पाणाड्या पैसे घेऊन गेलेला असतो.

तू शिकून काय करशील? आधी गावातल्या सगळ्या विहिरींच्या आतल्या भिंती बघशील. विहीर म्हणजे भूशास्त्राचा फुकटचा नकाशा. किती फुटांवर मुरूम संपला, मांजऱ्या किती जाड, लाल पट्टा कुठे, झरे नेमके कोणत्या थरातून येतात, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. वीस विहिरींच्या नोंदी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीशी जुळवल्यास की पाणी देणारा थर शिवारात कुठून कुठे जातो ते कागदावर दिसू लागतं. मग जिथे शंका आहे तिथे रेझिस्टिव्हिटीचं यंत्र लावायचं. जमिनीत खुंट्या ठोकून वीज सोडायची आणि विरोध मोजायचा. भरीव पाषाण जास्त विरोध करतो, पाणी धरलेला मुरूम कमी. यातही फसगत होते, कारण चिकण मातीसुद्धा कमी विरोध दाखवते. म्हणून यंत्राच्या आधी विहिरी बघायच्या, हा क्रम उलटा करणारे सल्लागार पाणाड्याइतकेच महाग पडतात.

आणि बोअर कुठे घ्यावं, यापेक्षा मोठा प्रश्न घेऊ नये कुठे, हा आहे. शेजाऱ्याच्या विहिरीचा आणि तुझ्या बोअरचा थर एकच असेल तर नवीन पाणी काही आलेलं नाही, जुन्याचीच वाटणी झाली. हे गावाला आकड्यांनिशी दाखवणं पाणाड्याला जमत नाही. वडिलांना हे पटेल असं वाटतं. बागायतदार असतील तर नक्की.

मी रंगांध आहे, लाल-हिरवा नीट कळत नाही. भूशास्त्र सोडून द्यावं का? (विद्यार्थी, कुडाळ)

नाही. अडचण येते ती मुख्यतः मायक्रोस्कोपखाली. तिथे खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप बघताना खनिजांचे व्यतिकरण रंग (ध्रुवित प्रकाशात दिसणारे रंग) ओळखायचे असतात. पण ओळख एका रंगावर ठरत नाही. प्लॅजिओक्लेज या खनिजाचे काळे-पांढरे जुळे पट्टे, पाटनाच्या (खनिज ज्या सपाट पातळ्यांवर फुटतं त्या) रेषांमधला कोन, स्टेज फिरवल्यावर खनिज किती अंशांवर काळं होतं, कड किती उठावदार दिसते, हे सगळं रंगाशिवाय कळतं. भूशास्त्रीय नकाशावर रंगांसोबत अक्षरांची चिन्हंही छापलेली असतात. पहिल्याच महिन्यात शिक्षकांना सांगून ठेव, लपवू नकोस. सरकारी नोकरीसाठी वैद्यकीय निकष असतात, ते मात्र तयारीला लागण्याआधी त्या परीक्षेच्या नियमावलीत वाच.

फील्डवर्क मुलींना झेपतं का? आईबाबांचा विरोध तेवढ्याच कारणाने आहे. (विद्यार्थिनी, परभणी)

झेपतं. १९८३ साली अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या सुदीप्ता सेनगुप्ता भूशास्त्रज्ञच होत्या, आणि त्यांच्याबरोबरच्या अदिती पंत नागपूरच्या. भूमिगत खाणीत तांत्रिक आणि देखरेखीची कामं स्त्रियांना करता येत नव्हती, ती अटही केंद्राने २०१९ मध्ये दिवसपाळीपुरती सैल केली.

आईबाबांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. प्रश्न दमछाकीचा नसून मुक्कामाचा, स्वच्छतागृहाचा आणि सोबतीचा असतो. सहलीला शिक्षिका बरोबर असतात का, मुक्काम कुठे असतो, पाळीच्या दिवसांत थांबायची मुभा आहे का, हे विभागप्रमुखांना आईबाबांसमोर विचार. चांगल्या विभागाकडे याची उत्तरं तयार असतात. जिथे या प्रश्नावर कपाळाला आठ्या पडतात तिथे प्रवेश घेऊ नकोस.

पहिल्या वर्षी काय काय विकत घ्यावं? हातोडा कुठला चांगला? (बरीच पत्रं)

दहा पट मोठं दाखवणारं हँडलेन्स, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल. पेन नको, पावसात शाई पसरते. क्लायनोमीटर आणि ब्रंटन कंपास ही थराचा कल आणि दिशा मोजायची साधनं विभागात असतात, आणि पहिल्या वर्षी मोबाइलमधलं कंपास ॲप सरावाला पुरतं. फक्त बेसॉल्टला फोन टेकवून दिशा घेऊ नका. त्यातलं मॅग्नेटाइट सुईला भुलवतं.

हातोडा दुसऱ्या वर्षी घ्या. सुताराचा चालत नाही, त्याचं तोंड झिजून कपच्या उडतात. एकसंध घडवलेला जिओलॉजिकल हॅमरच घ्या, आणि त्याच्याबरोबर डोळ्यांना गॉगल. लोणार, निघोजचे रांजणखळगे, अंधेरीची गिल्बर्ट हिल अशा ठिकाणी मात्र तो पिशवीतच ठेवायचा.