बायबलमधल्या गोष्टी सांगताना कल्पनाशक्ती वापरणं चुकीचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की संडे स्कूलमध्ये मुलांना गोष्ट जरा रंगवून सांगितली म्हणून मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तुम्हाला टोकलं, "विश्वासात कल्पनेचं काम नाही, लिहिलंय तेवढंच सांगा" म्हणाले, आणि आता थांबावं की काय असं तुम्हाला वाटतंय. थांबू नका. कल्पनाशक्ती देवानेच दिलेली आहे, जशी बुद्धी दिली, जसा आवाज दिला, आणि ती बाहेर ठेवून देवळात या असं त्याने कुठेही सांगितलेलं नाही. हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण असंच माझ्या थोरल्या दिरांनी मला भर मांडवात ऐकवलंय आणि ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले. भाताची कापणी झाली की आमच्या शिवारात रायबाग-अथणीकडचे धनगर येतात आणि मोकळ्या शेतात बकरी बसवतात (मेंढरंच, पण आमच्याकडे बकरीच म्हणतात). शेताला खत मिळतं, धनगराला त्याचं धान्य नाहीतर पैसे. म्हणजे ऐन नाताळात आमच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर माणसं खरोखर रानात राहून रात्री कळप राखत असतात, आणि आमच्या नाटकातले मेंढपाळ मात्र डोक्याला टॉवेल गुंडाळून, अंगावर बेडशीट घेऊन "चला, आपण बेथलेहेमास जाऊ" एवढं पाठ केलेलं वाक्य म्हणून विंगेत जायचे. मुलांना त्यातलं काहीच लागायचं नाही.

एका वर्षी नाताळचं नाटक माझ्याकडे होतं. मी पोरांना घेऊन संध्याकाळी सरळ त्या शेतात गेले. धनगर कन्नड बोलणारा, मराठी मोडकं, पण आमच्या पोरांना दोन्ही येतं. त्याने वाघर (कळपाभोवतीचं जाळं) कशी लावतात ते दाखवलं, कुत्री दाखवली, कोण कधी जागतं ते सांगितलं, दिवसभर चालून आल्यावर पाय कसे होतात ते दाखवलं. मग एका पोराने विचारलं, देवदूत आला आणि सगळ्यांना चला म्हणाला तर तुम्ही जाल का? तो माणूस हसला नाही. थोडा वेळ विचार करून म्हणाला, "सगळे गेलो तर बकरी कोण राखायचं? एकानं तरी थांबायलाच लागतंय की, अक्का."

परत येताना पोरं वाटभर त्याच्यावरच बोलत होती. आणि नाटकात थांबणारा मेंढपाळ घालायचा हे त्यांनीच ठरवलं, मी नाही. तो कोण होणार म्हटल्यावर एक मुलगा स्वतःहून पुढे आला. त्याचे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर, नाताळ येतो तोच मुळी गळीत हंगामात, त्यामुळे रात्रपाळी लागली की चोवीस तारखेच्या रात्रीची उपासना त्यांना मिळायची नाही. त्याचं वाक्य त्यानेच केलं: "तुम्ही जाऊन या, मी हाय इथं, आल्यावर सगळं सांगा." मग बाकीचे तिघे गोठ्यात जाऊन बाळाला बघून परत त्याच्याकडे येतात आणि चौघे मिळून देवाचं गौरव करतात. हे परत येणं आमच्या मनाचं नव्हे, मेंढपाळ देवाचं गौरव करत परत गेले हे लूकनेच आपल्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायाच्या विसाव्या ओवीत लिहिलंय. त्या ओवीकडे आमच्या मंडळीत कुणाचं लक्ष गेलेलं मला आठवत नाही, कारण गोठ्याचा पडदा पडला की नाटक संपायचं. त्या मुलाचे वडील नाटकालाही नव्हते, पाळीवरच होते. सकाळी घरी आल्यावर पोराने त्यांना चौघांचीही वाक्यं एकट्याने म्हणून दाखवली, हे त्याच्या आईने मला सांगितलं.

नाटक संपल्या संपल्या भाऊजी पुढे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, लूकमध्ये चौथा मेंढपाळ कुठे आहे दाखव, आणि वचनात भर घालणाऱ्याचं काय होतं ते बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात वाच. घरी गेल्यावर उत्पत्ती ६:५ पण काढलं, माणसाच्या मनातल्या कल्पना वाईटच असतात म्हणून. पुढच्या वर्षी नाटक माझ्याकडून गेलं, परत टॉवेल आणि बेडशीट आलं, आणि पुठ्ठ्याचे मुकुट घातलेले तीन राजे आले.

आता मला सांगा, मागी लोक (बाळाला बघायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, ज्यांना आपण राजे करतो) तीन होते असं मत्तयाने कुठे लिहिलंय? दान तीन प्रकारचं होतं एवढंच लिहिलंय. ते राजे होते हेही नाही, आणि ते गोठ्यात नाही, घरात गेले असं लिहिलंय. धर्मशाळेचा मालक दार उघडून "जागा नाही" म्हणतो, तो तर लूकमध्ये नाहीच. मेंढपाळ किती होते तेही लूकने सांगितलेलं नाही, मग चौथा जास्तीचा कसा झाला? आजोबांच्या काळापासून चालत आलेली कल्पना असली की ती वचन वाटते आणि पोरांनी केलेली असली की भर घातल्यासारखी वाटते, हे मला आजही पटत नाही.

मी भाऊजींना म्हटलं होतं, दुसऱ्याची बायको घेतलेल्या दावीद राजाकडे नाथान संदेष्टा गेला तेव्हा त्याने आज्ञा वाचून दाखवल्या नाहीत. एका गरिबाची एकुलती एक लाडकी मेंढी श्रीमंताने कापली अशी गोष्ट रचून सांगितली, दावीद संतापला, आणि मगच त्याला "तो माणूस तूच" हे ऐकवता आलं. प्रभू येशूने तर दाखल्यांशिवाय लोकांना शिकवलंच नाही. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर ही आज्ञा पाळायची तरी कशी, जर शेजाऱ्याच्या जागी आपण स्वतःला उभंच करू शकलो नाही तर? बॉयलरवर रात्र काढणाऱ्या माणसाचा नाताळ कसा जातो हे त्या चौथ्या मेंढपाळाआधी आमच्यातल्या किती जणांच्या मनात आलं होतं? कल्पनाशक्ती म्हणजे विश्वासावरची नक्षी नव्हे, प्रीती करायला ती लागतेच.

जेज्वीट या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी ध्यानाचं जे पुस्तक केलं, १५४८ साली पोपनी मान्य केलेलं, त्यात सरळ सांगितलंय की नासरेथहून बेथलेहेमचा रस्ता डोळ्यांसमोर आणा, किती लांब, किती रुंद, सपाट की चढउताराचा, आणि त्या जागी स्वतः गरीब सेवक होऊन उभे राहा. तिथे त्यांनी एक दासीही घातली आहे, जी लूकमध्ये नाही. भाऊजी म्हणाले ते कॅथलिकांचं. बरं, मग आपलं घ्या. 'यमुनापर्यटन', १८५७ ची, मराठीतली पहिली कादंबरी समजतात ती, लिहिणारे बाबा पदमनजी आपल्या बेळगावात १८३१ साली जन्मलेले, १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेले प्रॉटेस्टंट. विधवांचे हाल लोकांना सांगायचे होते तर त्यांनी यमुना नावाची बाई मनाने उभी केली आणि तिला नवऱ्याबरोबर प्रवासाला धाडलं, म्हणजे वाचणारा तिच्यासोबत एकेका विधवेला भेटेल. त्यांना कुणी विचारावं का, की यमुना वचनात कुठे आहे?

आता एक गोष्ट भाऊजींची बरोबर आहे आणि ती मी मान्य करते, कल्पना बिघडूही शकते. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो, सोन्यारुप्याची कारागिरी योजण्यासाठी, आणि लगेच बत्तिसाव्यात लोक पूजेला सोन्याचंच वासरू करतात. तेव्हा मुलांना सांगताना "लूक असं सांगतो" आणि "आपण असं समजू या" हे दोन वेगळं ठेवा, प्रत्येक वेळी, मुलांना ते बरोबर कळतं. येशूच्या तोंडी त्याने न उच्चारलेली शिकवण घालू नका. आणि कुणी उभा राहून "मला देवाने दाखवलं" म्हणून लोकांकडून पैसे, कबुल्या मागत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. कल्पनेचा खरा धोका तिथे आहे, संडे स्कूलच्या पोरांत नाही.

तुमच्या त्या वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका, फक्त मत्तयाचा दुसरा अध्याय त्यांच्या हातात द्या आणि मागी किती ते मोजायला सांगा. येत्या रविवारी कोणता धडा आहे ते कळवा, मुलांना काय काय विचारता येईल ते मी लिहून देते.